‘सुटलं’ न म्हणणारे किल्लीकाका

उजेड आधी भिंतीवर पडू द्या. दोन दुकानांच्या मध्ये उरलेली चिंचोळी जागा. खिळ्याखिळ्याला टांगलेल्या कोऱ्या किल्ल्या, वारा आला की किणकिणणाऱ्या. आता उजेड खाली येऊ द्या: घासायचं यंत्र, कानशी, पितळेचा कीस सांडलेलं फळकूट. आणि फळकुटामागे चष्म्याची मोडकी काडी दोऱ्यानं बांधून बसलेले किल्लीकाका.

माणूस तिरकस, पण लाघवी. “चावी हरवली हो,” म्हणत कुणी धापा टाकत आलं की म्हणायचे, “चावी जागच्या जागी असते. हरवता तुम्ही.” मग पिशवी उचलून त्याच्याबरोबर निघायचे. अडलेल्या कुलपाला कान लावायचे, आत तार फिरवायचे, आणि खटका पडला की खड्या आवाजात पुकारायचे, “सुटलं!” असं, की समोर खच्चून भरलेलं नाट्यगृह असावं. गिऱ्हाईक हसायचं, शेजारी खिडकीतून डोकावायचे.

ही जुनी गोष्ट झाली. आता खटका पडला की काका नुसतं दार ढकलतात आणि बाजूला होतात.

एका दुपारी त्याच गल्लीत राहत्या घरी लाँड्री चालवणारी ताई फळकुटाशी येऊन उभी राहिली. हात वाफेनं लाल झालेले.

“काका, दणकट कडी हवी. दाराला बाहेरून लावायला. कुलपासकट.”

“घरात वाघ पाळलास की काय गं?”

ती हसली नाही. “धाकटा,” एवढंच म्हणाली.

धाकटा म्हणजे तिचा भाऊ. आईबाप गेल्यावर तिनंच वाढवलेला. गेली काही वर्षं नशेच्या सुईच्या नादाला लागलेला, हे सगळ्यांना ठाऊक होतं आणि कुणी बोलत नव्हतं.

“तोच म्हणतोय, ताई, कोंड मला. कितीही ओरडलो तरी उघडू नकोस. म्हटलं, एकदाचं सुटेल तरी.”

काकांच्या हातातली कानस थांबली.

त्यांनीही पोटच्या पोराला असंच कोंडलं होतं. जन्म कुलपांत गेलेला माणूस. व्यसनही कुलपात मावेल असंच त्यांना वाटलं. हातचं सर्वांत चांगलं कुलूप त्यांनी त्या दाराला लावलं. पोरगा ओरडला, ओकला, दारावर डोकं आपटत राहिला. मग निवला. जेवायला लागला, बापाशी पत्ते खेळला, हरल्यावर भांडलासुद्धा. काकांनी दार उघडलं आणि भेटेल त्याला सांगत सुटले, “सुटलं! पोराचं सुटलं!”

पोरगा बाहेर पडला आणि पूर्वी घ्यायचा तेवढंच घेऊन बसला. अंगाची सवय मोडली होती, हाताची मोडली नव्हती. जुनं माप त्या अंगाला झेपलं नाही. बाथरूमला आतून कडी होती. आपल्याच घरातलं ते दार काकांना हत्यारानं उघडावं लागलं. भेटायला आलेली माणसं पाठीवर हात ठेवून म्हणाली, “सुटला बिचारा.”

तेव्हापासून तो शब्द काकांच्या तोंडून गेला तो गेलाच.

“कडी मिळणार नाही,” काका उठले. “चल.”

“कुठं?”

“आरोग्य केंद्रात. नर्सबाईंकडे.”

“काका, लोक बघतील.”

“बघू देत. माझ्या दारात बघायला आले तेव्हा फार उशीर झाला होता.”

नर्सबाई गुळमुळीत बोलणाऱ्यांतल्या नव्हत्या. “कोंडायचं मनातून काढा. त्याला इथं आणा. डॉक्टर तपासतील, जिभेखाली ठेवायची गोळी सुरू करतील, तलफ आवरते त्यानं. आणि हे घरात ठेवा.” त्यांनी नशा उतरवणारे, नाकात मारायचे दोन फवारे ताईच्या हातावर ठेवले. “हाक मारून, हलवून उठला नाही, ओठ निळे पडले, श्वास घोरल्यासारखा अडखळला, तर आधी अँब्युलन्स बोलवा. मग यातला एक एका नाकपुडीत, दोन-तीन मिनिटांत फरक पडला नाही तर दुसरा दुसरीत. तोंडानं श्वास देत राहा. शुद्धीवर आला तरी दवाखान्यात न्यायचंच. फवाऱ्याचा असर ओसरतो, विष मागं उरतं.”

संध्याकाळी काका ताईच्या घरी गेले आणि बाथरूमची आतली कडी पेचकसानं काढून खिशात घातली.

धाकटा दारात टेकून बघत होता. “वा, काका! आता माणसानं आंघोळ कशी करायची?”

“गाणं म्हणत. गाणं थांबलं की आम्ही आत.”

“माझा आवाज ऐकलाय का?”

“ऐकलाय. सोसू.”

पोरगा हसला. केंद्रात जायला लागला, गोळी घ्यायला लागला. बाथरूममधून रोज तेच एक गाणं यायचं, इतकं बेसूर की ताई इस्त्रीवरून म्हणायची, “गिऱ्हाईकं पळतील माझी!” मग मध्येच केंद्रात जाणं चुकायला लागलं. विचारलं की तो म्हणायचा, “उद्या जातो गं.”

सुट्टीचा दिवस होता, भरदुपार. गाणं अर्ध्या ओळीवर थांबलं.

ताईनं हाक मारली. पुन्हा मारली. मग दार ढकललं, आणि ते एका धक्क्यात उघडलं. धाकटा नळाखाली मुडपून पडला होता, ओठ शाईसारखे. तिची किंकाळी ऐकून काका धावत आले तेव्हा तिनं अँब्युलन्स बोलावली होती आणि ती फवारा मारत होती. काका ओल्या फरशीवर बसले, त्याची मान मागं केली, नाक चिमटीत धरलं आणि आपला म्हातारा श्वास त्याच्या छातीत भरायला लागले.

काही होईना. ताईनं दुसरा फवारा मारला. दारात गर्दी जमली. मागून कुणीतरी हळूच म्हणालं, “सुटला वाटतं बिचारा.”

काकांनी मान वर केली नाही. श्वास भरत राहिले.

मग पोराच्या घशात काहीतरी खरवडलं. छाती एकदा आपली आपण वर आली. पुन्हा आली. डोळे अर्धे उघडले. ताईनं त्याला कुशीवर वळवलं आणि त्याच्या ओल्या केसांत तोंड खुपसलं.

“काका,” तो पुटपुटला, “झालो का मोकळा?”

दूर अँब्युलन्सचा आवाज ऐकू येत होता. काकांनी त्याचा हात घट्ट धरला.

“मोकळा कसला? अडकलायस आमच्यात. डोळे मिटू नकोस. हं, पुढची ओळ म्हण.”