सातव्या पुस्तकाचा शेवट

तात्या गेल्याचा फोन आला तेव्हा सातवं पुस्तक माझ्या पिशवीतच होतं. रविवारी भवानीनगरला जायचं, ते तात्यांपुढे ठेवायचं आणि एकच प्रश्न विचारायचा, असं मी डायरीत लिहूनही ठेवलं होतं...

चाळिशी उलटल्यावर मी लहानपणी आवडलेल्या चौदा पुस्तकांची यादी केली आणि एकेक शोधायला लागले. सातवी कादंबरी बारामतीत रद्दीच्या दुकानात सापडली. उभ्या उभ्या शेवटचं प्रकरण वाचलं आणि चक्रावलेच. घर सोडून गेलेला भाऊ त्यात परमुलखात तापानं मरतो. मी वाचलेल्या पुस्तकात तर तो परत आला होता, अंगणात उभा राहून बहिणीकडे पाणी मागत होता.

लहानपणी ते पुस्तक मला तात्यांनी वाचायला दिलं होतं. तात्या आमचे शेजारी. दिवसा साखर कारखान्यात वजनकाट्यावर कारकून, संध्याकाळी वसाहतीच्या वाचनालयाचे ग्रंथपाल. शेवटची पानं त्यांच्याच अक्षरात होती, उसाच्या बाद झालेल्या वजनपावत्यांच्या कोऱ्या पाठीवर लिहून खळीनं चिकटवलेली.

"तात्या, हे तुमचं अक्षर ना?" मी विचारलं होतं.

"व्हय. मूळ पानं गळाली. इंदापूरच्या प्रतीवरनं उतरून घेतलीत. वाच गुमान, का आता माझीच परीक्षा घेतीस?"

काट्यावर एका किलोचा फरक न खपवणारा हा माणूस. मग इंदापूरची प्रतच वेगळी होती, की तात्या माझ्याशी खोटं बोलले? हे कळल्याशिवाय मला चैन पडेना.

दहावा झाल्यावर तात्यांच्या बायकोला, काकूंना, भेटायला गेले. पुस्तक पाहताच त्यांनी कपाटातून वाचनालयाची जुनी प्रत काढली. तिच्यात मूळची छापील पानं घडी करून ठेवलेली, कडा ब्लेडनं सरळ कापलेल्या. तात्या तर पानं गळाली म्हणाले होते, मी म्हटलं.

"गळाली कुठली गं! यांनीच कापली. तुझा दादा तवा नापास होऊन घरातनं पळाला हुता. त्यात तू हेच पुस्तक मागितलंस. मी म्हणलं, लोकं शिव्या देतील. तर म्हणाले, देऊ देत, पोरीला आत्ता मेलेला भाऊ वाचायला देऊ व्हय?"

त्या दिवसांत मी आईला रोज बजावत असे, दादा येणार, पुस्तकातला आला ना... आणि दिवाळीला दादा खरंच आला.

"मग नंतर पानं परत का नाही लावली?"

काकू डोळे पुसता पुसता हसल्या. "लावणार हुते. पर बायका येऊन सांगायच्या, तात्या, शेवट लय ग्वाड हाय बगा. मग काय, फुगले! ऱ्हायलं ते ऱ्हायलंच."

ती प्रत आता माझ्याकडे आहे. भाऊ अंगणात पाणी मागतो, बहीण तांब्या घेऊन धावते, आणि ते शेवटचं पान उलटलं की पाठीमागे दिसतं... बैलगाडी, ऊस, वजन आणि खाली तात्यांची सही.