कोटावरचे सारवण

परवा टेलिफोनवर तुम्ही दोघांनी सांगितलेत की शाळेने तुम्हांला रोमन लोकांचा सरहद्दीवरचा किल्ला दाखवायला नेले होते. पाऊस होता तरी तिकिटाला रांग होती, आणि चिखलातून निघालेला एका लहान मुलाचा जोडा तुम्ही काचेमागे पाहिलात. मग धाकट्याने विचारले, "आजी, आपले आजोबापण असंच काहीतरी खणत होते ना?" मी "हो" म्हणून विषय संपवला. लाइनवर खरखर होती, आणि मी दमलेही होते. आता सवडीने लिहिते. तुमच्या आईकडून वाचून घ्या.

आजोबा खणत नव्हते. खणण्याचा परवाना सरकार देते, तो विद्यापीठांना मिळतो, निवृत्त शाळामास्तरांना नाही. आजोबा नुसते सांगत होते, आणि फार वर्षे सांगत होते.

आपल्या गावाच्या टोकाला, खाडी समुद्राला मिळते तिथे, जांभ्या दगडाचा एक पडका कोट आहे. किल्ला म्हणण्याइतका तो मोठा नाही. चार बाजूंची कमरेएवढी उरलेली भिंत आणि आत करवंदाची जाळी. गावात सगळे धरून चालत की हा मराठेशाहीतला, आरमाराच्या पहाऱ्यासाठी बांधलेला. आजोबांनाही ते मान्य होते. पण लहानपणी गुरे चारताना त्यांना भिंतीच्या पायथ्याशी एक जाड खापरी सापडली होती. तिच्या मातीत काळे चमकते कण होते, आणि आपल्याकडच्या तांबड्या मातीत तसे कण नसतात. पुढे रत्नागिरीच्या हायस्कुलात इतिहास शिकवायला लागल्यावर त्यांनी वाचून काढले की रोमन साम्राज्यातली गलबते मिरी आणि कापड न्यायला आपल्या किनाऱ्यावर येत आणि येताना अशाच काळ्या कणांच्या मातीच्या मोठ्या दोन कानांच्या रांजणांतून मद्य आणत. तुम्ही पाहिलेल्या किल्ल्यावरचे शिपाई ज्या रांजणांतले पीत असतील, तसल्याच. आजोबांचे म्हणणे एवढेच होते की कोटाच्या खाली, त्याच्या कितीतरी आधीची एक बंदरवस्ती आहे. त्यांनी पुण्या-मुंबईच्या विद्वानांना पत्रे लिहिली. एकाचे सभ्य उत्तर आले. बाकीच्यांनी तेवढीही तसदी घेतली नाही. मी तेव्हा मुलींच्या शाळेत इंग्रजी शिकवत होते, म्हणून त्यांच्या पत्रांचे इंग्रजी मी तपासत असे. प्रत्येक पत्रात मी "निश्चितपणे" खोडून "बहुधा" लिहायची आणि ते कुरकुरत मान्य करायचे.

आम्ही दोघे निवृत्त होऊन गावी राहायला आलो, त्यानंतर ऐंशीच्या दशकातल्या एका हिवाळ्यात पुण्याहून खरेच एक तुकडी आली. प्रमुख एक तरुण बाई होत्या. त्यांना सगळा गाव मॅडम म्हणायचा, आणि आम्हीही तेच म्हणू लागलो. संक्रांतीला आल्या आणि शिमग्यापर्यंत राहिल्या. परवाना तेवढाच होता. राहायला शाळेच्या खोल्या दिल्या, जेवायला आमच्याकडे. रोज दोन्ही वेळची भाकरी, आमटी, भात, शिवाय चहा. मोलकरीण होती, तरी माझ्या पाठीला रग लागली ती तेव्हापासून. आजोबा मात्र दहा वर्षांनी लहान झाले होते. सकाळी छत्री घेऊन कोटावर जायचे ते जेवायलाच यायचे. मॅडम त्यांना "सर" म्हणायच्या आणि प्रत्येक खापरी आधी त्यांच्या हातात द्यायच्या.

मग एका वर्तमानपत्राने छापले की रत्नागिरी जिल्ह्यात रोमन किल्ला सापडला. कोणी सांगितले, कळले नाही. मॅडमनी कपाळाला हात लावला. आजोबांनी खुलासा लिहून पाठवला, तो छापून आला नाही. पण माणसे यायला लागली. चिपळूण, देवरूखहून शाळांच्या सहली आल्या. हर्ण्याहून एक टेम्पोभर मंडळी आली आणि करवंदीखाली डबे सोडून बसली. कोटाच्या वाटेवर भजीची गाडी लागली.

"सोनं सापडलं म्हणे?" एकाने आमच्या ओट्यावर येऊन विचारले.

"नाही हो. खापऱ्या," आजोबा म्हणाले.

"खापऱ्या? त्या तर आमच्या परसात ढीगभर!"

दुसऱ्या दिवशी तो पिशवी भरून घेऊन आला. मग तशा पिशव्या येतच राहिल्या. त्यांत मंगळुरी कौलांचे तुकडे असायचे, बरणीची झाकणे, एकदा तर सोडावॉटरच्या बाटलीची मान. आजोबा चष्मा सावरून एकेक तुकडा बघायचे आणि आणणाऱ्याला वाईट वाटू नये अशा रीतीने परत करायचे. मी स्वयंपाकघरातून म्हणायची, "अहो, जेवून घ्या आता." ते म्हणायचे, "अगं, लोकांना इतिहासाची गोडी लागलीये, ती मोडू नये." मला त्या गोडीचा कंटाळा आला होता. ओट्यावर चपलांचा खच आणि घरात पाण्याचे हंडे रिकामे.

शिमग्याच्या आदल्या शनिवारी, दुपार कलल्यावर, आजोबा मला बोलवायला घरी आले. भर उन्हात इतक्या घाईने चालत आले होते की बोलायला त्यांना वेळ लागला. मी गेले. भिंतीला लागून खणलेला खड्डा माणसाच्या उंचीएवढा खोल होता. आत उतरायला मातीतच पायऱ्या ठेवल्या होत्या. मॅडमनी खड्ड्याची उभी बाजू दाखवली. तिच्यात मातीचे थर पट्ट्यांसारखे दिसत होते. वर कोटाच्या भिंतीचा पाया, त्याखाली पिवळसर माती, आणि त्या मातीत अर्धवट रुतलेला एका रांजणाचा कान, शेजारी दोन-तीन जाड खापऱ्या. काळे कण मलासुद्धा दिसले.

"म्हणजे पाया घालण्याआधीच्या," मी म्हटले.

"हो काकू. वरचा थर कुठेही फुटलेला नाही. सर म्हणतात तेच आहे."

तुम्हांला हे नीट समजायला हवे. तसली खापरी नुसती हातात असून उपयोग नसतो, कारण ती कोणीही कुठूनही आणलेली असू शकते. ती कोणत्या थरात, कशाखाली पडली होती, हाच पुरावा असतो. म्हणून मॅडमनी ती काढली नाही. फिल्मचा रोल संपला होता. त्यांचे प्राध्यापक रविवारी पुण्याच्या एसटीने रोल घेऊन येणार होते. त्यांनी जागच्या जागी बघायचे, फोटो घ्यायचे, मापे टाकून चित्र काढायचे आणि मग तुकडे काढायचे, असे ठरले. आजोबांनी एका बोटाने त्या कानाला स्पर्श केला.

शिमग्यात आपल्याकडे ग्रामदेवतेची पालखी घरोघर येते. मुंबईचे चाकरमानी त्यासाठी रजा काढून येतात. त्या वर्षी गावच्या शिमगा मंडळाच्या अध्यक्षांनी ठरवले की पालखी कोटावरही न्यायची. "एवढा इतिहास सापडला, तो देवीला दाखवायला नको काय?" सगळ्यांना ते पटले. मॅडमनी दोरीच्या बाहेरच्या मोकळ्या जागेत पालखी थांबवायला हरकत नाही असे सांगितले, आणि त्या रविवारी सकाळी प्राध्यापकांना आणायला रत्नागिरीच्या स्टँडवर गेल्या. त्यांच्या तुकडीतले विद्यार्थी शाळेत सामान बांधत होते.

पालखी जिथे येते ती जागा सारवलेली लागते. हे कोणाला सांगावे लागत नाही. वाडीतल्या बायका उजाडताच शेणाच्या पाट्या घेऊन कोटावर गेल्या. मॅडमच्या हाताखाली महिनाभर त्यांनीच माती उपसली होती, त्यामुळे ती जागा त्यांना परकी नव्हती. बाहेरची जागा सारवून झाली. मग त्यांच्यातली वडीलधारी काकी म्हणाली असणार की देवीला दाखवायचे ते तर खड्ड्यात आहे, तेच पारोसे कसे ठेवायचे?

आजोबा आणि मी आठच्या सुमाराला पोचलो. खड्ड्याच्या तळाला गुळगुळीत शेणाचे सारवण होते. पायऱ्यांना सारवण. चारी उभ्या बाजूंना घराच्या भिंतींना लिंपतात तशी तांबडी माती लिंपलेली, बोटांचे अर्धगोल एका ओळीत उमटलेले. पायरीपायरीवर रांगोळी. थर कुठेच दिसत नव्हते.

काकी पदराला हात पुसत पुढे आली.

"बगा मास्तर! कसा लखलखीत केलाव!"

आजोबांनी विचारले, "काकी, इथं भिंतीत एक कान होता..."

"त्यो काय? हाताला लागत व्हता ओ, सारवू देत न्हवता. उपटलाव सगळं. टाकलं न्हाय काय, धुऊन ठेवलाव." तिने टोपली दाखवली. रांजणाचा कान, त्या जाड खापऱ्या आणि वरच्या थरांतले इतर तुकडे, सगळे एकत्र, स्वच्छ.

तिच्यामागच्या बायका आमच्या तोंडाकडे बघत होत्या. एक तरुण सून हसून म्हणाली, "बाई, मास्तर गप का? रांगोळी आवडली न्हाय वाटतं."

आजोबा म्हणाले, "आवडली तर! झकास झालंय."

मी बोलले असते तर ओरडलेच असते.

मॅडम प्राध्यापकांना घेऊन आल्या, तेव्हा त्या खड्ड्याच्या काठावर तशाच बसल्या. मग म्हणाल्या, "सर, लिंपण खरवडून मी थोडी आत जाते. मागे अजून असेल." पालखी येऊन गेल्यावर त्यांनी संध्याकाळपर्यंत तेच केले. वीतभर आत गेल्यावर कातळ लागला. ती पिवळी माती कातळाच्या खोबणीत तेवढीच होती. प्राध्यापक सज्जन गृहस्थ होते. ते म्हणाले, "तुम्ही दोघांनी पाहिलंत यावर माझा विश्वास आहे. पण मी अहवालात काय लिहू?" सोमवारी परवाना संपत होता, आणि खड्डा बुजवून द्यायचा होता.

हे खरवडणे सुरू व्हायच्या आधी, दुपारी, सभा झाली. पालखी टेकली होती, ढोल थांबले होते. अध्यक्षांनी भाषणात रोमन बादशहापासून आमच्या ग्रामपंचायतीपर्यंत सगळ्यांना एका माळेत ओवले आणि आजोबांना शाल घातली. आजोबा उभे राहिले. मला भीती वाटत होती की ते सारवणाचे बोलतील, आणि तितकीच भीती होती की बोलणार नाहीत.

ते म्हणाले, "काही खापऱ्या बाहेरदेशच्या आहेत असं दिसतं. त्या कोटाच्या आधीच्या आहेत, असं मी आजवर म्हणत आलो. ते मला सिद्ध करता येत नाही. म्हणून यापुढे मी ते म्हणणार नाही."

थोडी कुजबुज झाली. मागून कोणीतरी ओरडले, "ओ मास्तर, पेपरात आलंय की!"

"पेपरात चुकीचं आलंय."

"मास्तर दमलेत," अध्यक्ष माइक घेऊन म्हणाले, आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. ढोल पुन्हा सुरू झाले.

घरी येताना मी विचारले, "कारण का नाही सांगितलंत? लोकांना वाटलं तुम्ही उगाच माघार घेतलीत."

"काय सांगू? काकीचं नाव घेऊ?"

"नाव न घेता सांगायचं."

"गावात नाव न घेता काही सांगता येतं का गं?" ते म्हणाले. घाटी चढताना ते दोनदा बसले.

पुण्याचा अहवाल पुढे आला. त्यात आपल्या कोटावर एक परिच्छेद आहे. परदेशी मृत्पात्रांचे काही तुकडे मिळाले, पण ते मूळ थरातले असल्याचे सांगता येत नाही. मॅडमनी दुसऱ्या हंगामासाठी अर्ज केला, तो मंजूर झाला नाही. त्या अधूनमधून पत्र पाठवत, मग त्यांची बदली झाली. आजोबांनी पुन्हा कोणाला लिहिले नाही. त्यांच्या पत्रांचे इंग्रजी तपासायचे माझे काम सुटले. ते सुटावे असे मला वर्षानुवर्षे वाटत होते, पण असे सुटायला नको होते.

मंडळाने मात्र कोटावर "रोमन कोट" अशी पाटी लावली. आजोबांनी ती काढायला सांगून पाहिले. लोक हसले आणि म्हणाले, मास्तर फारच विनयशील. शिवाय पालखी एकदा कुठे थांबली की ती जागा ठरून जाते. दरवर्षी शिमग्याला ती बुजवलेल्या खड्ड्यावर टेकू लागली, आणि पहिल्या ओटीचा मान गावाने आजोबांच्या घराला दिला. तो नाकारता येत नाही. नाकारला तर भांडण आहे असे समजतात. आजोबा असेपर्यंत आम्ही दोघे जायचो. काकी आदल्या दिवशी ती जागा सारवायची, आणि आजोबा दरवर्षी तिला म्हणायचे की छान झालंय. तिला शेवटपर्यंत काही कळले नाही. आजोबांच्या आधी एक वर्ष ती गेली.

आता मान माझ्याकडे आहे. गुडघ्यांमुळे मला तिथवर चढायला अर्धी सकाळ लागते. शाळेतली मुले जमलेली असतात आणि त्यांना सगळे तोंडपाठ असते, रोमन राजाने कोट कसा बांधला, त्याची गलबते कुठे लागत. मी सांगते की तसे सिद्ध झालेले नाही. ती म्हणतात, "बाई, पाटीवर लिहिलंय ना." गेल्या शिमग्यालाही सांगितले. मग मी नारळ आणि खण देवीच्या पुढे ठेवला, जरा वेळ सावलीत बसले, आणि कोणाची तरी सून मला हात धरून खाली घेऊन आली.