पिशवीचं तोंड

“त्या केतकी म्याडमला बोलवा. हिचं मराठी डोक्यावरनं जातंय.”

पडद्यामागून शेळगावच्या मावशींचा आवाज आला. मी हातातली गर्भाशयाची आकृती दुमडून एप्रनच्या खिशात घातली.

मावशींची सून स्वाती पंचवीस वर्षांची, अजून मूल नाही. गर्भाशयाच्या मुखाचा कॅन्सर, तोही दुर्मिळ प्रकारचा. पण गाठ लहान होती. अशा वेळी कधी कधी फक्त मुख काढून गर्भाशय ठेवता येतं. मूल होण्याची शक्यता राहते. स्वातीला तेच हवं होतं. एवढं समजावायला मी दोन दिवस तयारी केली होती. माझी शाळा इंग्रजी माध्यमाची. बारामतीच्या आमच्या वॉर्डात ते माझ्या पहिल्याच वाक्याला कळतं.

केतकी माझ्याबरोबरचीच डॉक्टर, पण इथल्याच कोऱ्हाळ्याची. आली ती कॉटवरच बसली. “मावशी, डाळिंब उतरलं का औंदा?” दोन मिनिटांत मावशी हसायला लागल्या. मग केतकी म्हणाली, “पिशवी ऱ्हाणार. तिचं तोंड तेवढं काढायचं.” इकडे गर्भाशयाला पिशवीच म्हणतात. मावशींनी मान डोलावली. माझ्यापुढे ती एकदाही हलली नव्हती.

केतकी गेल्यावर मावशी सुनेला हळूच म्हणाल्या, “तोंडच न्हाय तर पोर आत थांबंल कसं?”

मी शेजारच्या बेडचं बीपी घेत होते. ऐकलं. बीपी लिहिलं आणि निघून गेले.

दुसऱ्या दिवशी कन्सेंटवर, म्हणजे संमतीच्या कागदावर सही घ्यायची होती. स्वाती खाली बघत म्हणाली, “सगळी पिशवीच काढा.”

केतकीचा चेहरा उतरला. मला बरं वाटलं. ऑपरेशन करणाऱ्या सरांना पेनाचं टोपण काढायला लागला तेवढाच वेळ.

“ठीक आहे, फॉर्म बदला,” सर म्हणाले.

मावशींच्या मांडीवर औषधांची नाडीची पिशवी होती. मी ती मागून घेतली आणि नाडी ओढली. “तोंड काढल्यावर आम्ही खाली असा टाका घालतो. मूल आत राहू शकतं. खात्री देता येत नाही. राहिलं तर सिझर करावं लागेल.”

स्वातीने वर पाहिलं. “मंग ठेवा पिशवी.”

ऑपरेशन झालं. काढलेल्या भागाच्या कडांना कॅन्सर नव्हता, म्हणजे तो पुरता निघाला होता. पिशवी जागेवर राहिली. मान डोलावली म्हणजे समजलं असं धरू नये, एवढं मी शिकले.

केतकीने कँटीनमध्ये माझ्यापुढे चहा ठेवला. “भारी गं! त्यांचा घोळ तुला कळला कधी?”

‘सही घेताना’ म्हणता आलं असतं.

“आदल्या दिवशी,” मी म्हणाले.