पुसून टाकायचा पहिला थेंब

आमच्या धावण्याच्या केंद्रात सगळे तिला सुईमावशी म्हणायचे. वय बावन्न, आवाज फाटका, आणि माणसाचा चेहरा विसरली तरी कान विसरत नसे. मुलं धावून आली की दहा मिनिटांनी त्यांच्या कानाच्या पाळीला सुई टोचून रक्तातलं लॅक्टेट, म्हणजे स्नायू दमले की रक्तात वाढणारं द्रव्य, मोजायचं, हे तिचं काम. अठरा वर्षं तिची रीत एकच. आधी पाळी कोरडी पुसायची, टोचायचं, पहिला थेंब कापसाने पुसून टाकायचा आणि दुसरा पट्टीवर घ्यायचा. घामातही लॅक्टेट असतं, भरपूर असतं. तो पहिल्या थेंबात मिसळला की आकडा वाट्टेल तसा फुगतो.

"हलू नकोस गं, कान कापत नाहीये तुझा," असं ती रोज कुणावर तरी खेकसायची.

मी या केंद्राचा डॉक्टर. आणि यापुढे जी घाण सांगणार आहे, तिची सुरुवात माझ्याच तोंडातून झाली. एकदा चहा पिताना मी आमच्या प्रशिक्षकांपुढे, म्हणजे सरांपुढे, अक्कल पाजळली. शरीरात एक जनुक असतं, त्यापासून एक प्रथिन बनतं, ते पेशीच्या आवरणात दारासारखं बसतं आणि लॅक्टेटची ने-आण करतं. काही लोकांत या जनुकातलं एक अक्षर वेगळं असतं, त्यांच्यात ही ने-आण जरा मंद असावी असं काही अभ्यास सांगतात. "असावी" हा शब्द मी उच्चारला होता, शपथेवर सांगतो. सरांनी तेवढाच गाळला.

महिनाभरात चकचकीत बूट घातलेला, जनुकांच्या चाचण्या विकणारा एक माणूस हजर. सगळ्या मुलांना नळीत थुंकायला लावलं. अहवाल आले ते हिरव्या आणि लाल चौकोनांचे, लाल म्हणजे ते वेगळं अक्षर, आणि सरांनी ते न्हाणीघराशेजारच्या भिंतीवर ओळीने लावले. पालक त्यांचे फोटो काढायचे, दुसऱ्यांच्या लालवर बोट ठेवून कुजबुजायचे. मी रोज तिथूनच जायचो. तरी एकदाही हात वर करून एक कागद फाडला नाही.

टिटवीचा चौकोन लाल होता. पंधरा वर्षांची, काटकुळी, सतत बडबडणारी. तिची आई लॉन्ड्रीत इस्त्री करायची. केंद्रातून नाव कमी झालं की टिटवीची खोली जाणार, शाळा जाणार आणि तीही आईशेजारी वाफेत उभी राहणार, हे सगळ्यांना ठाऊक होतं. सरांनाही.

तिला काढायला सरांना फक्त एक वाईट आकडा हवा होता. मावशी बहिणीच्या डोळ्याच्या ऑपरेशनसाठी रजेवर गेली, त्या सकाळी सरांनी स्वतः सुई हातात घेतली. टिटवीच्या गालावरून घाम पाळीवर ओघळत होता. त्यांनी पुसला नाही. टोचलं, पहिलाच थेंब घेतला. नऊ पूर्णांक चार. मी दोन हातांच्या अंतरावर उभा होतो, सगळं बघत होतो आणि मूग गिळून बसलो. बोललो असतो तर नोकरी गेली असती, आणि घरं शोधणं, नोकऱ्या शोधणं, याचा मला कंटाळा आहे, एवढंच कारण.

मुलं कमी करण्याच्या यादीवर तीन सह्या लागत. सरांची झाली, माझी झाली. दुसऱ्या दिवशी मावशी रजेवरून परतली आणि कागद तिच्यापुढे आला.

"पहिला थेंब पुसला होता?" तिने विचारलं.

"थेंब तो थेंबच," सर म्हणाले.

"डॉक्टर, तुम्ही होतात ना तिथे?"

"माझं लक्ष नव्हतं," मी म्हणालो. हे वाक्य लिहिताना आजही मला स्वतःची शिसारी येते.

मावशीने टिटवीला मैदानात नेलं, तेवढंच धावायला लावलं आणि दहा मिनिटांनी सगळ्यांसमोर टोचलं. मुद्दाम दोन्ही थेंब मोजले. घामासकट पहिला, नऊच्या वर. पाळी पुसून दुसरा, तीन पूर्णांक आठ. तिने दोन्ही आकडे यादीच्या मागे ठसठशीत अक्षरांत लिहिले आणि पुढच्या बाजूला सही केली नाही.

सरांनी कागद उलटून पाहिलाही नाही. "पण जनुक तर लालच आहे ना?" म्हणाले. यादी दोन सह्यांवर पुढे गेली आणि मंजूर झाली. दोन पुरतात, हे आम्हाला तेव्हाच कळलं.

टिटवी दुपारी पिशवी घेऊन माझ्या खोलीत आली. मावशी तिला बसपर्यंत सोडायला निघाली होती, ती दारात थांबली.

"डॉक्टर, ते माझ्यातलं दार," टिटवी हळूच म्हणाली, "ते दुरुस्त होईल का हो?"

तुझं काही बिघडलेलंच नाही, एवढंच म्हणायचं होतं. पण ते म्हटलं की माझी सही खोटी ठरत होती.

"होईल हळूहळू," मी म्हणालो.

तिने मान डोलावली. तिचा विश्वास बसला होता.

"काही झालेलं नाही तुला. जा, फाटकापाशी थांब, आलेच," मावशीने तिला बाहेर पाठवलं. मग आपल्या सुयांचा डबा माझ्या टेबलावर ठेवला, तो कायमचाच.

"मुलांना थुंकायला तुम्ही नळ्या तरी दिल्यात," ती म्हणाली. "मी कुठे थुंकू?"

ती थुंकली नाही. थुंकली असती तर पुसून तरी टाकलं असतं.