पाऊसपाणी बरं हाय

ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात किस्से गोळा करावे लागत नाहीत. टायरला चिखल लागून येतो तसे ते आपोआप येतात. मी इंजिनिअरिंग दुसऱ्या वर्षाला सोडलं आणि शाहूपुरीत अण्णांच्या ऑफिसात फोनवर बसलो. आमचे ट्रक गूळ घेऊन देशभर जातात. अण्णा मालक. सत्तरी उलटली, बेळगावच्या पुढं कधी गेले नाहीत. पण हवामान त्यांना अख्ख्या देशाचं कळतं. खिडकीतून बघून!

फोनवर त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला: "पाऊसपाणी?" ड्रायव्हरचं उत्तरही ठरलेलं: "बरं हाय." मोठ्यांना दुसरं काही सांगायचं नाही, ही रीत. मला नादुरुस्त ब्रेकपेक्षा या रीतीची भीती वाटते.

*

मे महिना. आमचा पेठ वडगावचा ड्रायव्हर बापू राजस्थानात. "पाऊसपाणी?" "बरं हाय," म्हणाला आणि धप्प आवाज आला. फोन ढाबेवाल्यानं उचलला. "आदमी गिर गया!" ऊन लागलं होतं. दोन दिवस सलाईनवर.

अण्णा म्हणाले, "ऊन आपल्याकडंबी हाय की! मी पडतोय व्हय?"

पंख्याखाली बसून!

*

जानेवारीत तोच बापू हरियाणात. सकाळी दहाला धुक्यात लघवीला उतरला, चार पावलं चालला आणि ट्रक सापडेना. हायवेवर उभा राहून मला फोन. मागून हॉर्न ऐकू येत होते.

अण्णांनी फोन घेतला. "गगनबावड्यात धुकं नसतंय व्हय? चालत ऱ्हा!"

बापूनं ऐकलं नाही, म्हणून जगला. तासाभरानं धुकं विरलं.

मी विचारलं, "सापडला का ट्रक?"

"हात लांब केला असता तर लागला असता की रं!"

*

दगडूमामा म्हणजे माझा सख्खा मामा, आमच्याच ट्रकवर ड्रायव्हर. कॉलेज सोडल्यावर घरात माझ्याशी बोलणारा एकटाच. काश्मीरला गेला आणि थंडीनं टाकीतलं डिझेल गोठलं.

अण्णा म्हणाले, "टाकीखाली शेकोटी कर."

मी ओरडलो, "मामा, पेटवू नका!"

"पेटवलीया. म्हणून तर लांबनं बोलतोय!"

*

गेल्या पावसाळ्यात मामा सफरचंदं आणायला हिमाचलात. दुपारी फोन आला, तो अण्णांनी स्पीकरवर घेतला.

"पाऊसपाणी?"

"बरं हाय. ऊन पडलंय. नदीत ट्रक धुतोय. पाणी मघाशी काचंगत हुतं, आता तांबडं व्हायलंय बघा. आपल्या पंचगंगेगत!"

राधानगरीकडून तांबडं पाणी आलं की आमच्याकडं लोक पुलावर बघायला जातात, हात जोडतात. अण्णांचा चेहरा उजळला. "नवं पाणी! पाया पड त्येच्या!"

"वाकलो बघा."

डोंगरात वर कुठं तरी ढग फुटला असणार. मी फोन हिसकावला. "मामा, ट्रक सोडा! वर पळा!"

"आरं पण ऊन..." एवढंच ऐकू आलं. मग गडगडाट. मग काहीच नाही.

अण्णा म्हणाले, "रेंज गेली आसंल." मी त्यांच्यावर ओरडलो, आयुष्यात पहिल्यांदा. ते खिडकीकडं बघत राहिले. बाहेर लख्ख ऊन होतं.

दोन तासांनी अनोळखी नंबर वाजला. मला उचलवेना. अण्णांनी उचलला. तोंडातून सवयीनं निघालंच, "पाऊसपाणी?"

पलीकडं नुसता घोंघावणारा आवाज. मग मामा बोलला.

"पाऊस न्हाय, अण्णा. पाणी हाय."