मैनाबाईचा मोह

वसतिगृहामागे कुणीतरी मोहफुलं वाळत घातली आहेत. त्या गोड, जड वासाने गावची एक सकाळ आठवली.

मोहाच्या दिवसांत सगळं गाव फुलं वेचायला जंगलात जायचं, त्यामुळे आमच्या सेवा मंडळाच्या बैठकीला कुणीच येईना. मंडळ बंद पडेल, अशी भीती होती. अध्यक्ष सुमनबाई टोपली घेऊन जंगलात निघाल्या. मीही मागे गेले. मैनाबाईचा नवरा नुकताच वारला होता. तिच्या वाट्याच्या झाडाखालची फुलं सुमनबाई वेचू लागल्या.

"काऊन बाई, मीटिंग सोडून दुसऱ्याचा मोह वेचून राह्यल्या?" शेजारच्या झाडाखालून लक्ष्मणभाऊंनी टोमणा मारला.

"मैना नाई येऊ शकत ना भाऊ. ढोरं खाऊन टाकतील."

थोड्या वेळाने भाऊ येऊन आमच्याजवळ फुलं वेचायला वाकले. मग आणखी दोघी आल्या.

आता कॉलेजच्या सेवा मंडळासाठी मुलांना विनवताना आठवतं, सुमनबाईंनी त्या दिवशी कुणालाच बोलावलं नव्हतं.