चौथं भोक

गोदामात तिला सगळे वहिनी म्हणत. नवरा तिथेच रात्रपाळीला, ही दिवसपाळीला. घरी सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या, म्हणून दोघांपैकी एकाने घरी असायलाच हवं. सुट्ट्याही वेगवेगळ्या वारी. सकाळी तो दारात यायचा, ही बाहेर पडायची. किल्ली या हातातून त्या हातात, "आईंना औषध दिलंय," की झाला संसार! लोक म्हणत, नवरा-बायको एकाच ठिकाणी कामाला, मजा आहे बुवा. मजा कसली, डोंबलाची! नवऱ्याशी पोटभर बोलावं, एवढीच हौस तिला उरली होती.

दोघांच्यात सामाईक वस्तू एकच, सात नंबरचा स्कॅनर. हाताच्या पाठीवर पट्ट्याने बांधायचा, अंगठ्याने कळ दाबायची, की खोक्यावरचा बारकोड वाचून तो टुंग वाजायचा. रात्री तो वापरी, दिवसा ही. सकाळी उचलावा तर पट्टा चौथ्या भोकावर लावलेला, त्याच्या मनगटाच्या मापाने. हिचं मनगट काडीसारखं, हिला दुसरं भोक पुरे. पण त्याच्या हाताने लावलेलं सोडवायला हिचं मन होईना. ती तशीच हात घाली. स्कॅनर घसरे, तीन-तीनदा दाबावं लागे, आणि वहिनीचं काम सगळ्यांच्या मागे पडे.

एके दिवशी स्कॅनर नीट कसा वापरायचा ते शिकवायला एक बाई आल्या.

"खोकं जरा तिरकं धरा, नाहीतर चकाकतं. आणि पट्ट्याखाली एक बोट जेमतेम जायला हवं. वहिनी, तुमच्या पट्ट्याखाली तर अख्खी मूठ जाईल! कोणासाठी जागा ठेवलीय?"

सगळे खो खो हसले. वहिनीही हसली आणि तिचे डोळे भरून आले. बाईंनी पट्टा दुसऱ्या भोकावर आवळला. स्कॅनर पहिल्या दाबाला वाजू लागला, काम भराभर उरकलं, पण तिला दिवसभर कशातच गोडी वाटली नाही. संध्याकाळी ती पट्टा परत सैल करू लागली, तर बाई म्हणाल्या, "असू दे की! पुढचा घेईल त्याच्या मापाने करून."

दुसऱ्या सकाळी दारात त्याने किल्ली डाव्या हाताने दिली. तिने त्याचा उजवा हात ओढून पाहिला. मनगटावर लालभडक वळ उठला होता.

"अहो, हे काय! सैल करायचा ना पट्टा!"

"करणारच होतो," तो म्हणाला. "मग लक्षात आलं, हे तुझं माप. मग सोडवेना."

खाली गोदामाच्या बसचा हॉर्न वाजला, पुन्हा वाजला. तिने त्याचा हात सोडला नाही.